तीसेक मुलाखती आणि पाच जणांचं एक टेबल

रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळत असताना माणसं मध्येच दवाखान्यात यायची का थांबतात, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये ही माणसं दिसतात ती गैरहजर म्हणून. नाव असतं, पुढची तारीख असते, त्यापुढचा रकाना कोरा. त्या कोऱ्या रकान्यामागचं कारण जाणून घ्यायचं तर माणसाच्या घरी जाऊन बसावं लागतं. बसून जे ऐकलं त्याचं पुढे करायचं काय, हा त्यानंतरचा आणि माझ्या मते जास्त कठीण भाग. मी लिहितेय ते त्याबद्दल.

टीम पाच जणांची. कम्युनिटी मेडिसिनच्या डॉक्टर मॅडम, संख्याशास्त्राचे सर, एमएसडब्ल्यू केलेल्या दोन क्षेत्र-संशोधक ताई आणि मानववंशशास्त्रात एम.ए. केलेली मी. कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. वस्तीचं नाव इथे लिहीत नाही, मुलाखती देणाऱ्यांना तसा शब्द दिला आहे, आणि माणसांचे काही तपशीलही बदलले आहेत. एवढं सांगते की वस्तीतल्या बहुतेक बायका कोथरूड-एरंडवण्याच्या सोसायट्यांमध्ये धुणंभांडी, स्वयंपाक करतात आणि पुरुष रिक्षा, वॉचमन, बिगारी अशा कामांवर असतात. आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली, भरतात, त्यातूनच यांच्यापैकी अनेकांना पहिल्यांदा दवाखान्यात पाठवलं गेलं होतं. तिथे रक्तदाब १४०/९० च्या वर निघाला, गोळी सुरू झाली, काही महिने चालली आणि मग थांबली.

आरोग्याच्या अभ्यासांत नेहमीची व्यवस्था अशी असते की क्षेत्र-संशोधकांनी मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्डिंग उतरवून द्यायचं आणि निघायचं. अंदाजपत्रकात त्यांचा पगार माहिती गोळा होईपर्यंतचाच धरलेला असतो. विश्लेषण करतात ते त्या घरात कधीच न गेलेले लोक. मला हे पहिल्यापासून खटकत आलं आहे. म्हणून या वेळी प्रस्ताव लिहितानाच दोघी ताईंना शेवटपर्यंत ठेवायचं असा आग्रह मी धरला आणि मॅडमनी तो उचलून धरला. पैसे देणाऱ्यांना हे पटवायला बराच पत्रव्यवहार करावा लागला.

मुलाखती उतरवण्याबद्दल थोडक्यात सांगते. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात, वस्तीत त्याहून जास्त. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, गणपतीच्या दिवसांत मंडपाचा स्पीकर. आम्ही ठरवलं होतं की ज्या ताईने मुलाखत घेतली तिनेच ती उतरवायची. थांबणं, हसणं, आवाज खाली जाणं, मध्ये कुणी येणं, सगळं कंसात लिहायचं. आणि वस्तीतून बाहेर पडल्यावर, घरी पोचायच्या आधी, डायरीत टिपणं करायची. त्या टिपणांची किंमत पुढे कळली.

विश्लेषणासाठी आम्ही फ्रेमवर्क पद्धत घेतली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जेन रिची आणि लिझ स्पेन्सर या दोघींनी सामाजिक धोरणांच्या अभ्यासासाठी ती घडवली आणि १९९४ मध्ये तिची मांडणी प्रसिद्ध केली. मजकूर पुन्हा पुन्हा वाचून अंगवळणी पाडायचा, त्यातून विषयांचा आराखडा करायचा, सगळ्या मुलाखतींना तो लावायचा, मग प्रत्येक माणसाला एक ओळ आणि प्रत्येक विषयाला एक रकाना असा मोठा तक्ता भरायचा आणि शेवटी त्या तक्त्यावरून अर्थ लावायचा. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांची १९६७ पासूनची ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत घडवत जायची पद्धत, मला शिक्षणामुळे जास्त जवळची आहे. पण डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजकार्य शिकलेल्या मुली एकाच कागदाकडे बघून बोलणार असतील तर तो कागद सगळ्यांना वाचता आला पाहिजे. तक्ता तसा वाचता येतो.

पहिल्या चार मुलाखती पाचही जणांनी आपापल्या घरी, एकमेकांशी न बोलता वाचायच्या आणि समासात कोड लिहायचे असं ठरलं. कोड म्हणजे त्या वाक्यात काय चाललंय त्याला दिलेलं छोटं नाव. सोमवारी सगळे कागद टेबलावर आले. चौथ्या मुलाखतीत चार घरची कामं करणाऱ्या एका बाईंचं वाक्य होतं, ‘गोळी घेऊन काही फरकच वाटत नव्हता, मग सोडली.’ मॅडमनी समासात लिहिलं होतं, ‘आजाराची माहिती नाही’. सरांनी, ‘परिणाम न जाणवणे’. मी, ‘त्रासावरून आजार ओळखणे’. आणि मुलाखत घेणाऱ्या ताईने लिहिलं होतं, ‘सासूसमोर दिलेलं उत्तर’.

आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. तिने डायरी उघडली. मुलाखत अर्ध्यावर असताना सासूबाई मंडईतून आल्या, दारातच भाजी निवडत बसल्या. रेकॉर्डिंगमध्ये पिशवीचा आवाज आहे, कंसात तशी नोंदही होती, आम्ही ती वाचून पुढे गेलो होतो. त्या आवाजाच्या आधी, तिसऱ्या पानावर, त्याच बाई म्हणाल्या होत्या की दवाखान्यात गेलं की अकरा वाजतात, तोवर दोन घरं चुकतात, आणि अशा खाड्यांपायी एक घर सुटलंसुद्धा. सुटलेल्या घराचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. सासूबाई आल्यावर त्या दवाखान्याच्या वेळेबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. सहाव्या पानावर ‘फरक वाटत नव्हता’ आलं.

मॅडमनी विचारलं, ‘मग हे दुसरं उत्तर खोटं धरायचं का?’

प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्यावर त्या दिवशीची उरलेली सगळी बैठक गेली. ताईचं म्हणणं होतं की खोटं कसं म्हणायचं, फरक वाटत नसेलही, पण तेवढ्यासाठी सोडली नसती. सर म्हणाले, एका माणसाची दोन कारणं मोजायची कशी? माझं मत असं पडलं की दुसऱ्या उत्तरातून आपल्याला आणखी एक गोष्ट कळतेय, घरात कुठलं कारण सांगितलेलं चालतं. गोळीने फरक पडत नाही म्हणून सोडली, हे कुणी खपवून घेईल. गोळीपायी काम गेलं, हे खपणार नाही. शेवटी दोन्ही कोड ठेवले, त्यांच्यातल्या संबंधावर एक टिपण लिहिलं आणि तक्त्यात एक रकाना वाढवला, ‘मुलाखतीच्या वेळी कोण हजर होतं’. तो रकाना कुठल्याही पुस्तकी आराखड्यात नव्हता. पुढे जुन्या-नव्या सगळ्या मुलाखतींना तो लावला आणि बऱ्याच ठिकाणी वाक्यांचं वजन बदललं.

त्याच न्यायाने मुलाखत कुणी घेतली हेही नोंदवलं. सुरुवातीच्या काही मुलाखती मॅडमनी स्वतः घेतल्या होत्या. त्यांच्यापुढे लोक ‘विसरले’, ‘राहून गेलं’, ‘आता सुरू करते’ असं म्हणत होते, ताईंपुढे रांगेबद्दल आणि पैशाबद्दल बोलत होते. डॉक्टरांसमोर माणूस कबुलीजबाब देतो. हे मॅडमनीच आधी ओळखलं आणि आपल्या मुलाखतींवर तसं टिपण लिहून ठेवलं. वरिष्ठ डॉक्टरने स्वतःच्या कामाबद्दल असं लिहिणं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

सरांनी कप्पाचा मुद्दा काढला. दोन माणसांनी स्वतंत्रपणे केलेलं कोडिंग किती जुळतं हे सांगणारा हा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. योगायोगाने जुळलं असतं तेवढं त्यातून वजा केलेलं असतं. गुणात्मक संशोधनात, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यावर चालणाऱ्या अभ्यासात, या आकड्यावरून मोठा वाद आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या थिमॅटिक विश्लेषणाच्या, म्हणजे मजकुरातली समान सूत्रं शोधण्याच्या, परंपरेत संशोधकाची नजर हेच साधन मानलं जातं, तिथे असा आकडा काढणं त्या विचारालाच धरून नाही. फ्रेमवर्कसारख्या ठरलेल्या कोडबुकाच्या, म्हणजे कोडच्या पक्क्या यादीच्या, कामात तो काढणारे पुष्कळ आहेत. आम्ही काही मुलाखतींवर काढून पाहिला. ‘उशीर’ या कोडवर फारच कमी आला. कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की पेशंट तारीख उलटून आला की मॅडम ‘उशीर’ लिहीत होत्या आणि पेशंटला रांगेत ताटकळावं लागलं की ताई ‘उशीर’ लिहीत होत्या. एकीकडे दोष पेशंटकडे, दुसरीकडे दवाखान्याकडे. कोड दोन केले, ‘तारीख उलटून येणे’ आणि ‘रांगेत जाणारा वेळ’. कप्पाचा मला कळलेला उपयोग हा इतकाच, कुठे बसून बोलायला हवं ते तो दाखवतो. अहवालात ०.८ (१ म्हणजे पूर्ण जुळणी) छापून कुणाला आपल्या कामाचा दर्जा सिद्ध झाल्यासारखा वाटत असेल तर मला ते पटत नाही.

कोडबुक वाढत गेलं. प्रत्येक कोडचं नाव, अर्थ, कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि मुलाखतीतलं एक उदाहरण. बदल केला की तारीख, आणि का बदलला त्याची एक ओळ. ही ओळ लिहायचा कंटाळा येतो, पण मतभेद कशावरून झाला होता हे दोन महिन्यांनी आठवत नाही आणि मग तोच वाद पुन्हा सुरुवातीपासून घालावा लागतो. सॉफ्टवेअरवर फार बोलण्यासारखं नाही. एनव्हिवो किंवा ॲटलस-टीआय आता युनिकोडमधली देवनागरी नीट घेतात, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आधी युनिकोडमध्ये आणावं लागतं. तक्ता आम्ही एक्सेलमध्येच केला आणि ए-थ्री कागदांवर छापून भिंतीभर चिकटवला.

खरं काम त्या भिंतीपाशी झालं. तक्त्याच्या प्रत्येक चौकोनात त्या माणसाचं त्या विषयावरचं म्हणणं दोन-तीन ओळींत, शक्य तिथे त्याच्याच शब्दांत, मूळ पान क्रमांकासह. चौकोन भरायचा तो मुलाखत घेणाऱ्या ताईने, तपासायचा दुसऱ्या कुणीतरी मूळ मजकूर उघडून. मग हा तक्ता दोन दिशांनी वाचता येतो. उभा वाचला की एका विषयावर सगळे काय म्हणतात ते दिसतं. आडवा वाचला की एका माणसाचं आयुष्य दिसतं. कोड करताना माणसाचे तुकडे झालेले असतात, आडव्या वाचनात ते पुन्हा जुळतात. घाईत असलेल्या टीम फक्त उभं वाचतात, विषयवार परिच्छेद लिहितात आणि थांबतात.

मॅडमचा सुरुवातीचा अंदाज होता की ज्यांना आजार समजला आहे ते टिकतात. सरकारी फलक आणि समुपदेशन सगळं याच गृहीतावर उभं आहे. आडव्या वाचनात एक वॉचमन सापडले, रात्रपाळीचे. एकही तारीख चुकली नव्हती. गोळी कशाची, तर म्हणाले अंगातली उष्णता कमी करायची. सकाळी पाळी सुटली की घरी जाताना दवाखाना वाटेवरच, उघडायच्या वेळेला ते दारात. दुसऱ्या ओळीत निवृत्त बालवाडी शिक्षिका. रक्तदाबाने पक्षाघात होतो, किडनी जाते, मीठ कमी खावं, सगळं तोंडपाठ, शेजारणींनाही सांगायच्या. त्यांनी गोळी सोडली होती, कारण सून कामाला गेल्यावर नातवंडाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं आणि ताप-खोकल्याच्या रांगेत त्याला घेऊन उभं राहायची त्यांची तयारी नव्हती.

या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर ‘माहिती’चं स्पष्टीकरण डळमळलं. मग आम्ही ताईंना मुद्दाम आणखी रात्रपाळीवाले शोधायला सांगितलं, वॉचमन एकटेच अपवाद आहेत की आणखीही कुणी आहेत ते पाहायला. विश्लेषण आणि मुलाखती एकाच वेळी चालू ठेवल्या की असं करता येतं, हा मोठा फायदा. कधी थांबायचं यावर सर २००६ मधल्या गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या अभ्यासाचा दाखला देत. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखतींमध्ये पहिल्या १२ पर्यंतच बहुतेक कोड येऊन गेले होते. पण तिथे विचारलेले प्रश्न आणि विचारलेल्या बायका दोन्हीत बरंच सारखेपण होतं. आमच्याकडे वॉचमन, रिक्षावाले, चार घरं करणाऱ्या बायका आणि घरी बसलेल्या आज्या होत्या. बारावर थांबलो असतो तर रिक्षावाले काका आलेच नसते.

त्या काकांमुळे ‘कामाची वेळ’ हे ताईंचं आणि माझं आवडतं स्पष्टीकरणही अपुरं पडलं. त्यांना वेळ होता, दवाखाना जवळ होता. एके महिन्यात गोळीचा रंग बदलला. औषध तेच, कंपनी वेगळी. त्यांना वाटलं चुकीची दिली. खिडकीवर विचारलं तर मागच्या रांगेने गलका केला. त्यांनी त्या गोळ्या घरी डब्यात ठेवून दिल्या, आणि त्या घेतल्या नाहीत हे सांगायला नको म्हणून पुढच्या तारखेला गेले नाहीत.

यानंतरची गोष्ट फक्त टीममुळे दिसली, एकट्या माणसाला दिसली नसती, असं मला ठामपणे वाटतं. दोघी ताई सारख्या म्हणत होत्या की ‘सोडली’ म्हणणाऱ्या माणसांच्या घरात गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसतात. ‘खासगी डॉक्टर’ या रकान्यात त्याचा माग होता. हातात पैसे असले की संध्याकाळी कामावरून येताना वस्तीतल्या डॉक्टरांकडे जायचं, मेडिकलमधून एक पट्टी घ्यायची, ती संपली की पुन्हा खंड. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये बंद असलेली गोळी घरात तुटक-तुटक चालू होती. मॅडम त्या दिवशी भिंतीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी ‘शरीराला काय वाटतं’ या रकान्यातल्या ‘चक्कर’ शब्दाखाली पेनाने रेघा मारायला सुरुवात केली. मग म्हणाल्या, माणूस गोळी तुटक घेऊन आमच्याकडे येतो, रक्तदाब वाढलेला दिसतो, आम्हाला वाटतं डोस पुरत नाही, आम्ही तो वाढवतो. तो माणूस मग मनावर घेऊन रोज घेतो. रोज घेतल्यावर वाढलेला डोस जास्त होतो, रक्तदाब खाली जातो, कामावर चक्कर येते. चार घरची फरशी पुसणारी बाई चक्कर येऊन कशी चालेल? ती गोळी टाकते.

ओळी तपासल्या. सगळ्यांना हे लागू नव्हतं, पण काही ओळींत क्रम अगदी याच प्रकारे होता, तारखांसकट. ताईंना पाकिटं दिसली होती, त्यांचा डोसशी संबंध लागत नव्हता. मॅडमना डोस माहीत होता, पाकिटं त्यांनी पाहिली नव्हती. सरांनी तो क्रम कुठे पूर्ण आहे, कुठे अर्धा, आणि कुठे आपण केवळ मनाने जोडतोय, हे वेगवेगळ्या रंगांनी दाखवायला लावलं. त्यांच्या त्या शिस्तीमुळे आमच्या हातून अतिशयोक्ती झाली नाही.

निष्कर्ष घेऊन आम्ही पुन्हा वस्तीत गेलो, समाजमंदिरात, रात्री आठनंतर. कुणा एकाची गोष्ट सांगायची नाही, फक्त एकत्रित मुद्दे. डोसबद्दल बोलणं निघालं तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, डोस वाढवला हे आम्हाला कोण सांगतंय, घरी येऊन पाकीट बघितलं की अर्धीची एक झालेली असते. हा मुद्दा आमच्या तक्त्यात नव्हता. तो वेगळा नोंदवून अहवालात घेतला.

आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडणी झाली तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘किती टक्के?’ उत्तर सरांनी दिलं. या तीसेक माणसांवरून टक्केवारी काढली तर ती चुकीची असेल, कारण ती आम्ही मुद्दाम एकमेकांहून वेगळी निवडली आहेत. टक्के हवे असतील तर वेगळी पाहणी करावी लागेल, पण त्या पाहणीत कुठला प्रश्न विचारायचा हे आता माहीत आहे. डोस वाढवण्याआधी विचारायचं, गेल्या महिन्यात गोळी किती दिवस घेतली? घेतली नसेल तर रागावणार नाही, असं सांगून विचारायचं. एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हा प्रश्न तिथल्या तिथे आपल्या वहीत उतरवून घेतला. संध्याकाळच्या ओपीडीची मागणी मनुष्यबळाच्या मुद्द्यावर अडकली आहे, तिचा पाठपुरावा मॅडम करताहेत.

आता शोधनिबंध लिहिणं चालू आहे. मुलाखतींवरचा अभ्यास छापताना काय काय सांगायचं याची कोरेक नावाची २००७ ची ३२ मुद्द्यांची यादी असते, मुलाखत कुणी घेतली, तिचं शिक्षण काय, मुलाखत देणाऱ्याशी आधीची ओळख होती का, तिसरं कुणी हजर होतं का, कोडिंग किती जणांनी केलं, हे सगळं त्यात द्यावं लागतं. ती भरताना आम्हाला काहीच आठवावं लागलं नाही, सगळं तारखेसह लिहिलेलं होतं. लेखक कोण हे ठरवायला वैद्यकीय नियतकालिकं चार निकष लावतात. कामाच्या रचनेत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यातल्या आशयाची चिकित्सा करण्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि कामाची जबाबदारी. क्षेत्र-संशोधकांची नावं एरवी शेवटी आभारात जातात, कारण विश्लेषणाच्या आणि लिखाणाच्या वेळी त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं. दोघी ताई चारही निकषांत बसतात. ‘सासूसमोर दिलेलं उत्तर’ लिहिणारी ताई पहिली लेखिका आहे. पुढच्या अभ्यासाचा प्रस्ताव गेल्या आठवड्यात पाठवला, त्यात दोघींचे शेवटचे सहा महिने ‘माहिती संकलन’ या खर्चाखाली न टाकता ‘विश्लेषण’ या खर्चाखाली धरले आहेत.